ज्याची त्याची वाट : दारू कमी करण्याविषयी आणि सोडण्याविषयी

दारू सोडण्याचा विचार आपल्या समाजात बहुधा पिणाऱ्याखेरीज इतर सर्वांनी केलेला असतो. पत्नीने सोळा सोमवार धरलेले असतात, आईने कुलदैवताला नवस बोललेला असतो, मामांनी चारचौघांत खडसावून झालेले असते, धाकट्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावलेले असते, आणि पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवून देण्याची हमी देणारी जी जाहिरात लोकलच्या डब्यात किंवा एस. टी. स्थानकाच्या भिंतीवर चिकटवलेली असते, तिच्यावरील दूरध्वनी क्रमांकही घरातील कोणीतरी गुपचूप टिपून घेतलेला असतो. या सर्व खटपटींमागचा कळवळा खरा असतो आणि त्याची अवहेलना करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्याने दारू सोडायची त्याचे मत, त्याच्या दिवसाची घडण, त्याची अडचण आणि त्याच्या शरीराची अवस्था यांची चौकशी मात्र या साऱ्या मसलतीत कोणी केलेली नसते. त्यामुळे घेतलेली शपथ दुसऱ्याच्या मालकीची राहते, आणि पहिल्या अडचणीच्या संध्याकाळी ती मोडताना माणसाला आपण स्वतःचे काही मोडतो आहोत असे वाटतही नाही.

दारूपासून सुटण्याच्या किंवा तिला आवर घालण्याच्या वाटा अनेक आहेत. त्यांपैकी आपली कोणती, हे पिणाऱ्याने स्वतः, डोळे उघडे ठेवून आणि जाणत्यांचे साहाय्य घेऊन शोधावे लागते. मात्र हा शोध सर्वस्वी मोकळा नाही. त्याची पहिली मर्यादा शरीर घालून देते, आणि ती ओलांडण्याचे स्वातंत्र्य कोणालाच नसते.

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. अपमानाच्या तिरमिरीत प्याला हाती घेणारा सुधाकर वकील आणि त्याच्या संसाराची राखरांगोळी मुकाट्याने सोसणारी सिंधू यांनी महाराष्ट्राच्या मनावर मद्यपी माणसाचे जे चित्र कोरले, ते शंभर वर्षांनंतरही पुसट झालेले नाही. त्या चित्राने कित्येकांना पहिल्या प्याल्यापासून परावृत्त केले असेल, आणि तो उपकार लहान नव्हे. पण त्याच चित्रामुळे आपण माणसांची विभागणी दोनच वर्गांत करू लागलो: एक निर्व्यसनी आणि दुसरा सुधाकर. ज्याची नोकरी शाबूत आहे, ज्याने पत्नीवर हात उगारलेला नाही, जो रस्त्यात पडलेला कोणाला आढळला नाही, तो आपण सुधाकर नाही एवढ्याच दाखल्यावर स्वतःची खातरजमा करून घेतो आणि विचार पुढे ढकलतो.

वस्तुस्थिती अशी आहे की या दोन टोकांच्या मध्ये फार मोठी लोकवस्ती आहे. दिल्लीच्या एम्स या संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, दारू पिणाऱ्यांची संख्या सुमारे १६ कोटी, दारूपायी मदतीची गरज निर्माण झालेल्यांची सुमारे ५.७ कोटी, आणि त्यांपैकी दारूवाचून शरीर-मन चालेनासे झालेल्यांची सुमारे २.९ कोटी असल्याचे आढळले. म्हणजे मदतीची गरज असलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक अजून पूर्णतः दारूच्या ताब्यात गेलेले नाहीत. त्यांच्या हातात पुष्कळ काही शिल्लक आहे, आणि नेमके त्यांच्याशीच कोणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तयार करविलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्यात ० ते ४० पर्यंत गुण पडतात, ८ किंवा अधिक झाल्यास पिणे धोक्याचे होऊ लागले असे समजतात, आणि २० किंवा अधिक झाल्यास अवलंबित्वाची दाट शंका घेतात. कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाकडे ती मिळते. प्रामाणिकपणे उत्तरे देण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

आता शरीराविषयी. सकाळी उठल्यावर हात थरथरतात काय, घाम सुटतो काय, मळमळते काय, आणि पोटात थोडी दारू गेल्यावरच ही थरथर थांबते काय? याचे उत्तर होकारार्थी असेल, किंवा रोज क्वार्टर-दोन क्वार्टर रिचवण्याचा परिपाठ महिनोन्‌महिने अखंड चालू असेल, तर ‘उद्यापासून थेंबही नाही’ असा निश्चय एकट्याने, घरच्या घरी अमलात आणणे हे धैर्याचे काम नसून जिवावरचे संकट आहे. दारू मेंदूचा व्यापार मंद करते. रोजच्या दारूला सरावलेला मेंदू तो मंदपणा भरून काढण्यासाठी उलट दिशेने सतत जोर लावीत असतो. आणि दारू एकाएकी बंद झाली की हा जोर मोकाट सुटतो. शेवटच्या प्याल्यानंतर सहा ते चोवीस तासांत थरकाप, घाम, अस्वस्थता सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत काहींना आकडी येते, आणि साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींची शुद्ध हरपून भिंतीवर किडे चालताना दिसणे, घरची माणसे न ओळखणे, ताप चढणे अशी भ्रमावस्था प्राप्त होते. उपचार न मिळाल्यास तिच्यात माणूस दगावू शकतो. ही लक्षणे बाधेची समजून रोग्याला देवऋषीकडे नेणारी कुटुंबे आजही आहेत, आणि ज्या रात्री त्याला रुग्णालयात दाखल करून औषध व ब-१ जीवनसत्त्व देणे आवश्यक असते, ती रात्र अंगाऱ्या-धुपाऱ्यांत जाते. ‘एकदम सोडली म्हणून गेला’ असे नंतर लोक म्हणतात, आणि दारू सोडणेच घातक असा विपरीत समज गावात रुजतो. वास्तविक डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डायझेपामच्या जातीची औषधे देऊन ती क्रमाक्रमाने कमी करीत नेली, तर हा अवघड काळ बहुतेकांच्या बाबतीत आठवड्याभरात सुखरूप पार पडतो. त्यासाठी रोग्याने एकच पथ्य पाळावे: आपण रोज किती पितो तो आकडा खरा सांगावा. निम्मा आकडा सांगितला तर औषधही निम्मे पडते.

ज्याला ही शारीरिक अडचण नाही, त्याने निश्चयाची घाई करू नये; आधी हिशेब मांडावा. दोन-तीन आठवडे, पिण्यात काहीही बदल न करता, एका वहीत किंवा फोनवर रोजची नोंद ठेवावी: किती वाजता, कोठे, कोणाबरोबर, त्याआधी काय घडले, किती घेतली, झोप कशी लागली, सकाळ कशी गेली. या नोंदीतील पहिला धक्का मापाचाच बसतो. आपल्याकडील व्हिस्की, रम किंवा देशी दारूत मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे ४२.८ टक्के असते, त्यामुळे ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम, आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. पाच टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत तो सुमारे २५ ग्रॅम असतो, आणि आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे ‘मी कडक दारूला शिवत नाही, फक्त बिअर घेतो’ असे समाधानाने सांगणारा गृहस्थ स्ट्राँगच्या दोन बाटल्या संपवून उठतो, तेव्हा त्याने क्वार्टर घेणाऱ्यापेक्षा अधिक मद्य घेतलेले असते. घरी ओतलेला पेग तर मापाचा नसतोच. यकृत ताशी साधारणपणे सात ते दहा ग्रॅम मद्यार्काचा निकाल लावते, त्याहून वेगाने ते काम करू शकत नाही, आणि लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी त्याच्या गतीत फरक पडत नाही. म्हणून मध्यरात्रीपर्यंत बसलेला माणूस सकाळी सात वाजता मुलाला शाळेत सोडायला स्कूटर काढतो, तेव्हाही त्याच्या रक्तात दारू असू शकते.

परंतु मापापेक्षाही मोठा लाभ दुसरा आहे. आपण दारू पितो ती का, या प्रश्नाला माणूस तोंडी जी कैफियत देतो, आणि वही जी हकीकत सांगते, त्या दोहोंत पुष्कळदा मेळ नसतो. ‘ताणामुळे पितो’ असे मनापासून मानणाऱ्याच्या वहीत दिसते की ताणाचे दिवस सोमवार-मंगळवारचे आहेत आणि पिणे शुक्रवार-शनिवारचे, त्याच तीन मित्रांबरोबरचे. त्याचा प्रश्न ताणाचा नसून संगतीचा आहे. दुसऱ्या कोणाला आढळते की संध्याकाळी सातला पोट रिकामे असते तेव्हाच ओढ अनावर होते, आणि साडेसहाला जेवण झाले तर ती पुष्कळशी ओसरते. तिसरा झोपेसाठी पीत असतो. त्याला ठाऊक नसते की दारू झोप लवकर आणते खरी, पण रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोपमोड करते, आणि ती मोडलेली झोप भरून काढण्यासाठी पुढच्या रात्री तो पुन्हा पितो. चौथ्याची दारू पगाराच्या तारखेला बांधलेली असते. पाचव्याच्या वहीत, सारे काही ठीक असलेल्या दिवशीही, सकाळपासूनचे औदासीन्य पानापानांतून दिसते, आणि त्याला दारूच्या उपचाराआधी किंवा त्याच्या जोडीने नैराश्याच्या उपचाराची गरज असते.

स्त्रियांची गोष्ट वेगळी लिहिली पाहिजे. वर उल्लेखिलेल्या पाहणीत पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के आढळले. पण जी स्त्री पिते तिला बहुधा पुरुषासारखे बारमध्ये बसून पिता येत नाही, ती पुष्कळदा दुपारी, घरात, एकटी पिते, आणि लज्जेच्या ओझ्याखाली कोणापाशी बोलतही नाही. तेवढ्याच दारूने तिच्या यकृताची हानी पुरुषाहून लवकर होते. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग उघडला तो याच कारणाने, आणि अशा जागा फार थोड्या आहेत याचे मला मनापासून दुःख वाटते. गटारे साफ करणाऱ्या कामगारांची गोष्टही अशीच वेगळी. दुर्गंधी सोसवत नाही म्हणून कामावर उतरण्यापूर्वी जो माणूस दारू घेतो, त्याला आत्मसंयमाचा उपदेश करण्यापूर्वी त्याचे काम बदलण्याची तजवीज करणे हे त्या कामाची फळे उपभोगणाऱ्या आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.

वही पुरी झाल्यावर मुख्य प्रश्न उभा राहतो, आणि त्यावर डॉक्टरांतही दीर्घकाळ वाद झाला आहे: दारू कमी करावी की समूळ सोडावी? १९६२ साली डी. एल. डेव्हिस या लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञाने, उपचार घेतलेल्या ९३ मद्यासक्तांपैकी ७ जण पुढे कित्येक वर्षे मोजके पिऊन राहिले असल्याचे लिहिले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. कारण एकदा मद्यासक्त झालेल्याला पुन्हा प्रमाणात पिणे अशक्य, हाच तोपर्यंतचा सर्वमान्य सिद्धान्त होता. पुढे १९८५ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्‌स यांनी त्याच सात माणसांचा फेरशोध घेतला. सातांपैकी पाच जणांना पिण्याचा गंभीर त्रास झालेला होता, डेव्हिस यांनी निर्वाळा दिला त्या काळातही झालेला होता. उरलेले दोघे मात्र खरोखरच निर्वेध राहिले, आणि त्यांतील एक जण मुळात कधी फारसा दारूच्या आहारी गेलेलाच नव्हता. मला या रुजवातीत दोन्ही पक्षांसाठी शिकवण दिसते. जितके अवलंबित्व खोल, तितकी ‘थोडी घेईन’ ही वाट अरुंद. आणि जितके ते उथळ, तितका कमी करण्याचा प्रयत्न वाजवी. ज्याचे यकृत बिघडले आहे, ज्याला आकडी येऊन गेली आहे, जी स्त्री गरोदर आहे, ज्याची औषधे दारूशी जुळत नाहीत, किंवा ज्याने मोजके पिण्याचे करार स्वतःशी वारंवार केले आणि वारंवार मोडले आहेत, त्याच्यासाठी वाट एकच, ती म्हणजे पूर्ण वर्ज्य करण्याची. बाकीच्यांनी कमी करण्याचा प्रयत्न अवश्य करावा, पण मुदत घालून करावा. घरात साठा ठेवू नये; किती घ्यायची ते बसण्यापूर्वी, शुद्धीत असताना ठरवावे; आठवड्याचे कोरडे दिवस आधी नेमावेत; एकट्याने पिणे बंद करावे; आणि ठरवलेला आकडा एखाद्या विश्वासू माणसाला सांगून ठेवावा. तीन महिन्यांनंतर वहीच सांगेल. ठरवलेल्या दोनांचे दर वेळी पाच होत असतील, तर तो आपल्या शरीराचा स्वभाव आहे असे समजून सोडण्याच्या वाटेकडे वळावे. त्यात मानहानी मानण्याचे कारण नाही.

इथे श्रावणाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आषाढाच्या अमावास्येला भरपूर पिऊन घ्यायचे आणि श्रावणभर, कित्येक घरांत थेट गणपती किंवा दसऱ्यापर्यंत, मांसाहार व मद्य वर्ज्य करायचे, हा परिपाठ महाराष्ट्रातील असंख्य पिणाऱ्यांनी स्वतःच्या हिताचा पुरावा म्हणून जवळ बाळगलेला आहे: ‘मी श्रावण पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही.’ श्रावण पाळता येणे ही खरोखर चांगली गोष्ट आहे, आणि त्या महिन्यात कित्येकांना आपली मोकळी सकाळ कशी असते ते वर्षातून एकदा तरी कळते. परंतु थांबता येणे आणि मोजके पिता येणे ही दोन भिन्न सामर्थ्ये आहेत. पुष्कळ माणसे महिनाभर सहज थांबू शकतात आणि पहिल्या प्याल्यानंतर दुसऱ्याला मात्र अडवू शकत नाहीत. श्रावण पाळणाऱ्याने स्वतःला विचारायचे प्रश्न आहेत ते असे: महिना कसा गेला, दिवस मोजीत की सहज? आणि श्रावण संपल्यानंतरच्या पंधरवड्यात काय झाले? ज्याला श्रावण सहज जातो आणि नंतरची वसुली फार मोठी होते, त्याला सोडणे हे कमी करण्यापेक्षा सोपे जाईल, असा माझा समज आहे. आणि हे ज्ञान त्याला कोणत्याही दवाखान्यात न जाता, आपल्याच पंचांगातून मिळण्यासारखे आहे.

सोडण्याच्या वाटांपैकी आपल्या मातीतील सर्वांत जुनी वाट माळेची. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ गळ्यात घातली की मद्य आणि मांस सुटले, असा दंडक आहे, आणि माळ घातल्यापासून दारूला न शिवलेली माणसे महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत दाखवता येतील. शिकलेल्या माणसांना यात केवळ भाबडी श्रद्धा दिसते. पण जरा बारकाईने पाहिले तर माळ एकाच वेळी पुष्कळ गोष्टी करते. संध्याकाळचा जो घटका-दोन घटकांचा काळ दारूचा होता तो हरिपाठाचा होतो. ज्या मित्रांबरोबर बसणे होई त्यांची जागा दिंडीतले लोक घेतात. वर्षाला पंढरीची वारी आणि पंधरवड्याला एकादशी येते. कालपर्यंत ज्याला लोक टाळत त्याला ‘माउली’ म्हणून पाया पडणारे भेटतात. शिवाय गळ्यातली माळ पाहिल्यावर त्याला कोणी आग्रह करीत नाही, आणि ‘नको’ म्हणण्यासाठी सबब शोधावी लागत नाही. सोडलेल्या दारूच्या जागी काय ठेवायचे, या ज्या प्रश्नावर आधुनिक उपचारपद्धती इतका विचार करतात, त्याचे संपूर्ण उत्तर या वाटेत तयार आहे. मात्र ज्याचे मन विठ्ठलापाशी नाही, त्याच्या गळ्यात सासऱ्याने घातलेली माळ आठवड्यात खुंटीवर जाते.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची वाट याच्या नेमकी उलट बाजूने त्याच ठिकाणी पोचते. अमेरिकेतील ॲक्रन गावी १९३५ साली बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातील गृहस्थ आणि बॉब स्मिथ नावाचा शल्यवैद्य, दोघेही दारूने गांजलेले, एकमेकांशी बोलले, आणि एक मद्यपी दुसऱ्या मद्यपीशी मोकळेपणाने बोलतो तेव्हा दोघेही त्या दिवसापुरते दारूपासून दूर राहतात हा अनुभव त्यांना आला. आज महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत, कोठे शाळेच्या वर्गात, कोठे चर्चच्या खोलीत, संध्याकाळी या मंडळींच्या मराठी सभा भरतात. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारीत नाहीत. माळ जगाला दिसावी अशी असते, तर इथे अनामिकता हेच कवच आहे. आणि ज्याला गावभर बोभाटा नको आहे, त्या बँकेतल्या अधिकाऱ्याला किंवा शाळामास्तराला ती अनामिकताच धीर देते. जन्मभराची शपथ येथे घ्यावी लागत नाही, फक्त आजचा दिवस घ्यावयाचा असतो. त्यांच्या बारा पायऱ्यांत उच्च शक्तीचा उल्लेख येतो, तो काहींना मानवत नाही. अशांनी त्या एका कारणासाठी बाकीच्या सर्वाला पाठ फिरवावी असे मला वाटत नाही, पण जबरदस्तीही नसावी.

ज्याला काही काळ घर, पेठ आणि मित्र यांपासून सर्वस्वी दूर जाण्याची गरज आहे, त्याच्यासाठी निवासी केंद्रे आहेत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू केले ते गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांना डोळ्यांपुढे ठेवून, आणि पुढे ते मद्यपींचेही मोठे आश्रयस्थान झाले. तेथील कार्यकर्त्यांपैकी अनेक जण स्वतः त्याच वाटेने आलेले असल्यामुळे रोग्याच्या बतावण्या त्यांना नव्या नसतात, आणि त्याची लाजही त्यांना परकी नसते. जो अजून इतका पुढे गेलेला नाही, त्याच्यासाठी गोव्यातील ‘संगात’ या संस्थेने केलेला प्रयोग मला फार आशादायक वाटतो. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण पडलेल्या ३७७ पुरुषांना निवडून, निम्म्यांना डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी एक ते चार बैठकी दिल्या. उपदेश न करता, तुम्हाला काय हवे आहे आणि त्याच्या आड काय येते एवढेच विचारीत. तीन महिन्यांनी त्यांतील ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार बैठकींनी दहापैकी एक माणूस अधिक सावरत असेल, तर प्रत्येक तालुक्यात अशी व्यवस्था का नसावी, हा प्रश्न मी शासनाला आणि वाचकांनाही विचारतो.

औषधेही आहेत, आणि ती लज्जास्पद नाहीत. नाल्ट्रेक्सोनने पिण्यातील सुखाची धार कमी होते, अकॅम्प्रोसेटने सोडल्यानंतरची बेचैनी कमी होण्यास मदत होते. यकृत आणि मूत्रपिंडे तपासून डॉक्टर ती ठरवतात. तिसरे डायसल्फिरम. १९४० च्या दशकात कोपनहेगनमधील जेन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सेन हे संशोधक जंतांवरील औषध म्हणून ते स्वतःवर अजमावीत असता, थोडे मद्य घेताच त्यांना विलक्षण त्रास झाला, आणि त्यातून त्याचा हा उपयोग हाती आला. ते घेतलेल्या माणसाने दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हे घडू शकते. समजून-उमजून, सही करून हे औषध घेणाऱ्याला ते भक्कम कुंपण ठरते. परंतु हेच किंवा असलेच औषध चहात, आमटीत नकळत मिसळणे म्हणजे त्या माणसाच्या जिवाशी खेळणे होय, आणि लोकलमधील जाहिरातींच्या पुड्यांत काय असते हे तर त्या मागवणाऱ्या बिचाऱ्या पत्नीला ठाऊकही नसते. मी प्रत्येक घराला हात जोडून विनंती करतो की हा मार्ग धरू नका.

इतक्या वाटांतून कोणाला कोणती लागू पडेल, हे आधीच सांगता येईल काय? अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ नावाच्या प्रचंड प्रयोगात १,७२६ रोगी घेऊन, तीन निरनिराळ्या मानसोपचारांपैकी कोणत्या स्वभावाच्या माणसाला कोणता मानवतो, याची छाननी केली गेली. १९९७ साली निष्कर्ष आले ते असे की तिन्ही उपचारांचा गुण जवळजवळ सारखाच येतो, आणि बांधलेले बहुतेक आडाखे चुकले. यावरून मी असे मानतो की पत्रिका जुळवल्याप्रमाणे माणूस आणि वाट आधी जुळवून देणे तज्ज्ञांनाही साधत नाही; चालूनच ते कळते. म्हणून एका केंद्रातून परतलेला माणूस पुन्हा पिऊ लागला की ‘याच्यावर सगळे उपाय थकले’ असे घरच्यांनी म्हणू नये. एक उपाय झाला, एवढेच खरे.

घरच्यांचेही काही काम आहे, आणि ते शपथा घेववण्याहून कठीण आहे. बोलायचे ते रात्री नव्हे, सकाळी बोलावे. ‘ताप आला आहे’ असे त्याच्या कचेरीला खोटे कळवू नये. त्याच्या दारूचा दोष पत्नीने स्वतःवर घेऊ नये. आणि मारहाण होत असेल तर त्याच्या सुधारण्याची वाट पाहत घरात थांबू नये, आधी स्वतःची व मुलांची सुरक्षितता पाहावी. मुक्तांगणात अशा पत्नींसाठी ‘सहचरी’ या नावाने गट चालतो, आणि अल-अनॉनच्या सभा मद्यपींच्या नातलगांसाठीच असतात. पती उपचार घेवो न घेवो, तिने तेथे जावे. गावाचेही काम आहे. शहरातल्या माणसाला घरी जाण्याचा रस्ता बदलता येतो. ज्या गावात रस्ता एकच आणि त्याच्यावरच दुकान, तेथे मतदानाने बाटली आडवी करणाऱ्या बाया त्या एका माणसाच्या निश्चयाला जे बळ देतात, ते कोणताही समुपदेशक देऊ शकत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. पण तेवढ्याने भागत नाही हे ओळखूनच २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाने तेथे गावोगावच्या संघटना आणि व्यसनी माणसांसाठी उपचार यांची जोड बंदीला दिली.

राहिला घसरण्याचा प्रश्न. ॲलन मारलाट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की सोडलेल्या माणसाचा घात पहिल्या प्याल्याने जितका होतो त्याहून अधिक, ‘आता सगळेच संपले’ या त्यानंतरच्या विचाराने होतो. त्या विचाराच्या भरात तो उरलेली बाटली संपवतो, आणि लाजेने महिनाभर कोणाला तोंड दाखवीत नाही. म्हणून घसरण्याची तजवीज ती घडण्याआधीच, चांगल्या दिवसांत करून ठेवावी. कोणाला फोन करायचा त्याचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. ओढ उठली की ती चढते, माथ्यावर येते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ कोठे जायचे, काय खायचे, कोणाशी बोलायचे, हे ठरलेले असावे. आणि तरीही प्याला झालाच, तर दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी वहीत नोंद करावी: वेळ, जागा, सोबत, कारण, आणि ते पान घेऊन आपल्या डॉक्टरांकडे, सभेला किंवा माउलींकडे जावे. ज्याला जायला असे कोणीच नाही, त्याच्यासाठी केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. तेथे केसपेपर काढून आत जावे, आणि रोजचा आकडा खरा सांगावा.